उत्तरेचा कोनाडा

पारुबाई पुसेगावजवळच्या तांड्यावरून पहिल्या एसटीनं हिंगोलीत उतरली, ती थेट व्यंकटरावांच्या जिन्यावर. व्यंकटराव पूर्वी पोलिसात होते. वरिष्ठांशी पटेना म्हणून बाहेर पडले आणि स्टँडमागच्या खोलीवर खासगी चौकशीची पाटी लावून बसले. पाटी वाचणारे पुष्कळ, जिना चढणारे थोडे.

"साहेब, माझा रणजीत हितं जिनिंग लाईनीत राहतो. काल त्याला धरून नेलं," पारुबाई दारातच खाली बसली. "मुंजाजीबुवाला त्यानंच मारलं म्हणून राहिले. उद्या कोर्टात उभं करतेत. एकुलतं लेकरू हाय माझं."

"मारलं का त्यानं?"

"त्याला बकरं कापलेलं बघवत न्हाई, साहेब."

"हा काही पुरावा नाही, मावशी," रूपसिंग म्हणाला. रूपसिंग व्यंकटरावांचा मदतनीस. अंगानं दांडगा, मनानं निर्मळ, आणि डोक्याची गाडी कायम अर्धा तास लेट.

"पुरावा नाही, पण ऐकायला बरं वाटलं," म्हणत व्यंकटरावांनी चपला घातल्या.

जिनिंग फॅक्टरी बंद पडून दहा वर्षं झाली होती, तरी कामगारांच्या खोल्यांना लोक अजून 'जिनिंग लाईन'च म्हणत. दोन ओळी तोंडाला तोंड लावून उभ्या. एका ओळीची दारं उगवतीला, समोरचीची मावळतीला. एका घरात फोडणी पडली की चार घरं शिंकत. खोल्या सगळ्या एकसारख्या, आणि दिव्याचे कोनाडे दोन्ही ओळींत उत्तरेच्याच भिंतीत. फॅक्टरी होती तेव्हा या दाटीत ऊब होती. आता नुसती दाटी उरली होती. दिवाळी तोंडावर म्हणून घरोघरी चुना चालू होता. झाडून सगळ्यांचे हात कोपरापर्यंत पांढरे, पण चेहऱ्यावर सणाची कळा कुणाच्याच नव्हती.

मुंजाजी त्या बंद फॅक्टरीचा राखणदार. आतलं पितळ गायब होऊ लागलं होतं, आणि चोर लाईनीतलाच, असं तो म्हणाला होता. परवा संध्याकाळी भारनियमनात लाईट गेली, बायको सिंधूबाई नळावर होती, तेवढ्यात मुंजाजीचं डोकं घरातल्या पाट्यावर आपटलं.

मुंजाजीची खोली उगवतीला तोंड करून होती. आत शिरल्यावर उजव्या हाताला कोनाडा. त्यात चिमणी आणि काड्यापेटी. डाव्या हाताच्या भिंतीत मात्र कोनाडा नाही.

"चुना त्याच दिवशी दिला व्हता," सिंधूबाई म्हणाली. तिच्या आवाजात जीव नव्हता.

ओल्या चुन्यावर डाव्या भिंतीला हाताचे ठसे उमटले होते. एकावर एक, फरफटलेले.

"मारेकऱ्यानं पळताना हात टेकला," रूपसिंगनं निकाल दिला.

"पळणारा एकदा टेकतो, रूपसिंगा. हा वर-खाली चाचपत बसलाय. उजव्या भिंतीला एक तरी डाग दिसतो का?"

"कोनाड्यापाशी एक दिसतो. बाकी साफ."

व्यंकटराव सिंधूबाईकडे वळले. "चोराचं नाव सांगितलं होतं त्यांनी?"

"न्हाई. इचारलं की गप. दोन दिस धड जेवले बी न्हाईत."

शेजारच्या बेबीबाईला सगळं ठाऊक होतं. अशा माणसांना नेहमीच असतं. "रणजीत त्या दिवशी सकाळी केवढ्यानं वरडला! 'माझं नाव काहून घेता?' म्हणे. तांड्याचं पोरगं, दुसरं कोण चोरी करणार?"

समोरच्या ओळीत मुंजाजीचा पुतण्या प्रभू राहत होता. आईबाप लहानपणीच गेले. मूलबाळ नसलेल्या मुंजाजी-सिंधूबाईनंच त्याला वाढवलं. व्यंकटराव, रूपसिंग आणि पारुबाई त्याच्या दारात पोचले आणि लाईट गेली. प्रभू पुढं झाला. न बघता त्यानं डावा हात भिंतीकडे नेला, काडी ओढली, चिमणी लावली.

"मी घरातच चुना मारून राहिलो व्हतो," तो म्हणाला. "काकासंगं माझी काय दुश्मनी?"

ठाण्यातले फौजदार ओळखीचे. त्यांनी रणजीतला भेटू दिलं. पोराच्या सदऱ्यावर रक्त वाळलं होतं.

"कण्हण्याचा आवाज आला म्हणून आत गेलो. कोनाड्यातली काडी ओढली, तर काका पडलेले."

"अंधारात कोनाडा सापडला?"

"शेजारीच राहतो, साहेब. माझी खोली बी तशीच हाय. रिक्षात घातलं, पर वाटेतच..." त्यानं सदऱ्यावरच्या डागावर हात ठेवला. "डॉक्टर म्हणले, जरा आधी आणायचं व्हतं."

"आणि सकाळचं भांडण?"

"समदे चोर म्हणत व्हते मला. काका म्हणले, 'तुझं नाव म्या घेतलं न्हाई. ज्याचं घ्यायचं ते तोंडातून निघंना.'"

व्यंकटराव फौजदारांच्या टेबलाशी गेले. "तासभर माझ्यासोबत लाईनीत चला. रणजीतलाही घ्या."

दिवेलागणीला मुंजाजीच्या खोलीत सगळे जमले. रणजीतला पाहून पारुबाईनं पदर तोंडाला लावला.

"हे ठसे मारेकऱ्याचे," व्यंकटराव म्हणाले. "तो अंधारात काड्यापेटी शोधत होता. परका असता तर दोन्ही भिंती चाचपल्या असत्या. याला मात्र पक्की खात्री की कोनाडा डावीकडेच आहे. तसा तो कुणाला असतो? ज्याचं दार मावळतीला आहे त्याला. कोनाडे सगळे उत्तरेला, म्हणून या ओळीत आत शिरताना उजवीकडे येतात आणि समोरच्या ओळीत डावीकडे. रणजीत आणि बेबीबाई याच ओळीतले. रणजीतचा हात बरोबर उजवीकडेच गेला."

"समोर तर दहा घरं आहेत!" रूपसिंग म्हणाला.

"आहेत ना. पण त्यातल्या कुणाचं नाव मुंजाजीच्या तोंडातून निघत नव्हतं? परक्याचं असतं तर त्यानं चावडीवर ओरडून सांगितलं असतं. आपल्याच हातानं वाढवलेल्या पोराचं नाव घेताना मात्र घास उतरत नाही."

सगळ्यांच्या माना प्रभूकडे वळल्या.

"पण या घरात तर तो लहानाचा मोठा झाला," फौजदार म्हणाले.

"लग्न होऊन समोर गेल्याला बरीच वर्षं झाली. घाबरलेला हात रोजच्या वळणानंच जातो."

रूपसिंगची गाडी आता कुठं स्टेशनात शिरली. "पण मारणाऱ्याला उजेड कशाला हवा?"

उत्तर प्रभूनं दिलं. तो भिंतीशी घसरत खाली बसला होता.

"काका म्हणला, चल ठाण्यात, पितळाचं आपणच सांगू. हात धरला माझा. म्या नुसता झटकला. मंग धप्पकन आवाज आला... जिता हाय का तेवढं पाहाचं व्हतं. कोनाडा सापडंना. वाटलं, गेला. पळालो."

व्यंकटरावांना पुढचं बोलायचं नव्हतं, पण गप्प राहणं त्याहून वाईट होतं. "गेला नव्हता, प्रभू. रणजीत आला तेव्हा तो कण्हत होता."

फौजदारांनी मान हलवली. रणजीत आईकडे गेला, आणि सोबत आलेला हवालदार प्रभूकडे सरकला.

तेवढ्यात लाईट गेली. अंधारात काडी ओढल्याचा आवाज झाला आणि उजवीकडच्या कोनाड्यात चिमणी पेटली. सिंधूबाईनं ती हातात घेऊन प्रभूच्या तोंडासमोर धरली.

"लेकरा, मला नुसती हाक मारायची व्हतीस. नळावरच तर व्हते म्या."

प्रभूला नेलं तरी ती चिमणी धरून उभीच होती. पारुबाईची शेवटची एसटी निघायची वेळ झाली होती. रणजीत तिला स्टँडवर सोडायला दारात थांबला. पण पारुबाईनं सिंधूबाईच्या हातातली चिमणी काढून कोनाड्यात ठेवली, तिला खाली बसवलं, आणि स्वतः तिच्या शेजारी बसली.

"तू जा," ती लेकाला म्हणाली. "म्या आज हितंच राहते."