ड्यूस संपेना

"अहो, ही खुर्ची माझ्या बाबांची आहे!"

ती इतक्या जोरात म्हणाली, की पुढच्या रांगेतल्या दोन टोप्या मागे वळल्या. तरुण चटकन शेजारच्या खुर्चीत सरकला. "चुकलं... पण बाबा हसताहेत, म्हणजे माफ केलंय ना?"

बाबा खरंच हसत होते. टेनिसचा मोठा सामना समोर बसून बघायची त्यांची जन्माची हौस. गेल्या वर्षापासून त्यांचं विसरणं फार वाढलं होतं. आता नाही तर कधीच नाही, म्हणून तिनं औषधाच्या दुकानातून रजा काढली होती.

हा तरुण स्पर्धेतल्या खेळाडूंच्या रॅकेटांचं गटिंग करायचा, म्हणजे तारा ताणून जाळी बसवायचा. सकाळचं काम उरकून सामना बघायला बसला होता.

"ती निळ्या कपड्यांतली आहे ना, तिची जाळी माझी," तो कुजबुजला.

"मग ती हरली तर तुमच्यामुळे?"

"हरली तर माझ्यामुळेच. जिंकली, की मला कुणी ओळखत नाही. तुम्ही तरी ओळख ठेवा..."

काय हा आगाऊपणा! पण तिला हसू आवरेना. तेवढ्यात खेळाडू बाजू बदलायला थांबले आणि बाबा उठले. "बाथरूमला जाऊन येतो."

"थांबा, मी येते."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे? बस तू."

तिनं जाऊ दिलं. याच्याशी आणखी दोन मिनिटं बोलता येईल, म्हणून जाऊ दिलं, आणि तेच मग तिच्या जिवाला लागलं.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. बाबांचा फोन तिच्याच पर्समध्ये होता. गेम चालू असताना जागेवरून हलायचं नाही, खेळाडूंनी बाजू बदलल्या की मगच दारावरची दोरी सुटते, हा इथला नियम. आणि गेम तर ड्यूसवर अडकलेला! लागोपाठ दोन गुण कुणालाच मिळेनात, पुन्हा बरोबरी, पुन्हा ड्यूस. हजारो माणसं श्वास रोखून बसलेली, आणि तिची नजर नुसती दाराकडे.

"दोरीमुळे दाराशीच अडकले असतील," तो हळूच म्हणाला.

"नसतील तर? त्यांना घरचा पत्ता सांगता येत नाही हो... आणि बाहेर एवढा मोठा रस्ता!"

तो ताडकन उभा राहिला. ऐन सर्व्हिसच्या वेळी.

"कृपया खाली बसा," पंचांचा आवाज घुमला. निळ्या कपड्यांतलीनं चेंडू खाली आणला, वर पाहिलं आणि त्याला ओळखलं.

"अहो, तुमचं काम जाईल!"

"जाऊ दे. चला तुम्ही." तोंडानं म्हणाला खरा, पण चेहरा पांढराफटक पडला होता.

दोरीखालून वाकून दोघं बाहेर पडले. दाराशी बाबा नव्हते. बाथरूममध्ये नव्हते. पाण्याच्या नळाशी नव्हते. मुख्य गेटवरच्या रखवालदारानं, असं कुणी बाहेर गेलं नाही, म्हणून नुसती मान हलवली. "चेंडूचा आवाज येतोय तिथे बघू," म्हणत तरुणानं तिचा हात घट्ट धरला आणि तिला सरावाच्या मैदानाकडे नेलं.

कुंपणाच्या जाळीत बोटं अडकवून बाबा उभे होते.

"बाबा!"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. नुसतंच पाहिलं... कोण बरं ही बाई? मग त्यांनी जाळीतली बोटं सोडवली.

"चिमणे! कुठे होतीस गं? मी किती घाबरलो!"

ती त्यांच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली.

बाबांचा हात धरून ती गेटकडे निघाली, तोही सोबत. बाबांनी विचारलं, "हे कोण?"

"रॅकेटचं काम करतात, बाबा."

वीसेक पावलांवर पुन्हा, "हे कोण गं?"

"माझे... मित्र आहेत."

"बढती मिळाली," तो पुटपुटला.

"हसू नका. माझं हे रोजचं आहे. आज त्यांनी ओळखलं मला. उद्या नाही ओळखलं तर... मला फार भीती वाटते. सुटायचं तर आत्ताच सुटा."

"भीती मलाही वाटतेय," तो म्हणाला. "उद्या काम राहील की नाही, देव जाणे. पण त्याहून जास्त... तुम्ही बाबांना घेऊन निघून जाल याची."

गेट आलं. बाहेर रिक्षा उभीच होती. बाबा थबकले आणि त्यांनी त्याला नीट निरखलं.

"चिमणे, हा कोण?"

तो तिच्याकडे बघत राहिला.

"आपला आहे, बाबा." ती त्याच्याकडे बघतच म्हणाली.

"मग आधी नाही का सांगायचं!" बाबा म्हणाले, आणि त्यांनी आपला दुसरा हात त्याच्यापुढे केला.