आडवा पडलेला राजा

"मी मासा मारला नाही," रूपाली म्हणाली. "पण संध्याकाळी बाबा मला न्यायला येतायत. सासूबाईंनीच बोलावलंय त्यांना."

शुभांगी गायधनी खासगी तपास करायची. ललित तिचा मदतनीस; मनाने चांगला, डोक्याने जरा सावकाश. दोघंही लगेच रूपालीबरोबर तिच्या जेलरोडच्या सासरी गेली.

हॉलमधल्या काचेच्या टाकीत नुसतं पाणी होतं, लवंगेच्या वासाचं. दिवंगत नवऱ्याने हौसेने आणलेला हा मासा, राजा, म्हणजे रूपालीच्या सासूबाईंचा, चंद्रभागाबाईंचा, जीव की प्राण.

"हिच्या दातदुखीचं लवंगतेल!" त्या कडाडल्या. "टाकीशेजारी उघडी बाटली, आणि माझा राजा आडवा पडलेला!"

सून गुन्हेगार ठरायला आपल्याकडे एवढा पुरावा पुष्कळ होतो.

शुभांगीने बाटली उजेडात धरली. तेल जेमतेम कमी झालं होतं.

"दाताला बोळा लावते मी," रूपाली म्हणाली. "थोडा वेळ बधिर होतं, मग उतरतं. बाटली इथे कुणी आणली, देव जाणे."

"मासा कुणी उचलला?"

"मयूरदादांनी," कामवाल्या सखुबाई म्हणाल्या. "म्या म्हटलं, पिशवीत घाला. तर नाय. बादलीत चांगलं पाणी घेतलं, त्यात घालून गाडीत ठेवला."

"नदीत सोडला," रूपालीचा नवरा मयूर म्हणाला. तो ओझरच्या कारखान्यात नोकरीला होता. बोलताना त्याने बायकोकडे एकदाही पाहिलं नाही.

"आणि वीज गेल्यावर लावायचा बॅटरीवरचा हवेचा पंप?" शुभांगीने टाकीजवळच्या रिकाम्या हुकाकडे बोट दाखवलं.

"असेल कुठेतरी."

"पण हे तेल माशाला विषारीच ना?" ललितने विचारलं.

"जास्त पडलं तर. थोडं पडलं तर मासा दातासारखाच बधिर होतो, आडवा पडतो. चांगल्या पाण्यात ठेवला की शुद्धीवर येतो. मेलेल्या माशाला पाणी आणि हवा कशाला लागते, मयूरराव?"

मयूरने मान खाली घातली.

"मित्राकडे आहे. ठणठणीत. मला हिच्याबरोबर राहायचं नाही. मी सोडली असती तर लोकांनी मला नावं ठेवली असती. आईनेच घालवली, तर माझ्यावर काही आलं नसतं."

"मग खरंच मारायचा होता," रूपाली म्हणाली. "पकडले गेला नसतात."

"बाबांचा मासा तो. माझा हात धजावला नाही."

रूपालीला रडू फुटलं.

"आत्ताच्या आत्ता राजाला घेऊन ये," चंद्रभागाबाई लेकाला म्हणाल्या. आणि सुनेला ओलांडून त्या टाकीकडे वळल्या.

फाटकाशी रिक्षा थांबली. रूपालीचे वडील आले होते.

"आता कशाला जाता, वहिनी?" ललित म्हणाला. "तुमचा काही दोष नाही, सिद्ध झालं की."

रूपालीने डोळे पुसले, बॅग उचलली आणि ती बाहेर पडली. चंद्रभागाबाई टाकीतलं पाणी बदलत होत्या.