वरवंट्याला ठेवलेलं नाव

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाही तर सोडून द्या. मी काही कुणाच्या पाया पडणार नाही.

हल्लीच्या पोरांची नावं ऐकते मी. अर्थ विचारला की आईबाप एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. "युनिक आहे हो काकू, कुणाचंच नाहीये." अरे, पण कुणाचंच का नाही, एवढा तरी विचार कराल की नाही?

आमच्या घरात असं एक नाव ठेवलं गेलं होतं.

साल बावन्न. माघातली संध्याकाळ. कळवा, खाडीच्या अंगाला.

तेव्हाचं कळवा म्हणजे गावच. भाताची खाचरं, पलीकडे मिठागरं, आणि त्यांच्यामधून खाडीचं पाणी आत घ्यायला खणलेला चर. तिथे काळुराम नावाच्या मिठागरवाल्याच्या आवारात दोन खोल्या भाड्याने घेऊन गोदा राहायची. नवरा विठ्ठल ठाण्याच्या गिरणीत. सासू हौसाबाई घरात.

गोदा म्हणजे माझी आई. पण मी तेव्हा जन्मले नव्हते, म्हणून या गोष्टीपुरतं तिला गोदाच म्हणते.

गोदाची दोन मुलं आधी गेलेली. दोन्ही बारसं झाल्यावर. पहिल्याचं नाव चांगलं देवाचं ठेवलेलं. महिना काढला नाही त्याने. दुसऱ्याच्या वेळी हौसाबाई म्हणाली, नाव ओंगळ ठेवा, म्हणजे न्यायला येणाऱ्याला किळस येईल. ठेवलं केरू. केरूलाही नेलं.

तिसऱ्या वेळी मुलगी झाली. गोरी, टपोऱ्या डोळ्यांची.

हौसाबाईने तिच्याकडे बघितलं नाही. ती बघत बसली पाट्यावरच्या वरवंट्याकडे.

आता हे तुम्हाला माहीत असेल. बारशाला वरवंटा धुऊन, कुंची घालून, बाळासारखा नटवतात. बायका पाळण्याच्या खालून-वरून तो एकमेकींच्या हातात देतात. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. मग वरवंटा बाजूला ठेवतात आणि आत्या बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगते.

हौसाबाईने ठरवलं, यंदा नाव बाळाला सांगायचंच नाही. वरवंट्याला सांगायचं.

"नावावर येतो ना तो न्यायला?" ती म्हणाली. "येऊ दे मेल्याला. दगड उचलून नेऊ दे."

"आणि माझ्या मुलीला काय म्हणायचं?" गोदाने विचारलं.

"काही नाही म्हणायचं. बिननावाची राहील, पण राहील तरी! तिसरं पोर पुरायची हौस आहे का तुला?"

गोदाने नवऱ्याकडे बघितलं. विठ्ठल कोपऱ्यात बसून पायाचा अंगठा बघत होता. आईपुढे त्याचं कधी काही चाललं नाही.

बारशाला आत्या आली मोहन्याहून. विठ्ठलची बहीण, आवडाबाई. तिला हौसाबाईने दारातच गाठून सगळं पढवलं. दगडाला धोंडी म्हणायचं, बस्स. साधं सोपं नाव.

संध्याकाळी बायका जमल्या. दाराला आतून कडी घातली. मुलीला गोदाच्या मांडीवर ठेवलं आणि पाळण्यात निजवला वरवंटा. कुंची बांधून, काजळाची तीट लावून.

आवडाबाई वाकली. कुर्रर्र केलं.

आणि थांबली...

मग म्हणाली, "इवरा."

बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत बुक्के मारले, हसल्या. आवडाबाई हसली नाही. ती पांढरीफटक पडली होती.

"हे काय गं नाव? कुठून काढलंस?" हौसाबाईने विचारलं.

"मी धोंडीच म्हणायला गेले, आई. शप्पथ. तोंडातून हेच आलं."

त्या नावाचा अर्थ कुणालाच सांगता येईना. कुणी म्हणे, खाडीतल्या तिवरांवरून आलं असेल. गावातल्या भटजींनी मान हलवली, असा शब्द पोथीत नाही म्हणाले. हौसाबाई मात्र खूश. जगात दुसऱ्या कुणाचं नाव नाही म्हणजे चूक व्हायला जागा नाही!

मग तिने नेम घालून दिला. वरवंटा कोनाड्यात ठेवायचा. त्यावर काही वाटायचं नाही. रोज तिन्हीसांजेला दिवा लावला की गोदाने त्याला नावाने हाक मारायची. म्हणजे येणाऱ्याला कळेल, इवरा कोण ते.

आणि मुलीला? "ए." "पोरी." "इकडे ये." लाडाने सोनू म्हणायलासुद्धा बंदी. लाडाचं नाव म्हणजे नावच की, म्हणे.

काळुरामची बायको तुळसा एकदा तोंडावर बोलली, "कुत्र्याला पन नाव अस्तं गो हौसाबाय."

"तुझी जगली आहेत सगळी. तू नको शहाणपण शिकवू," हौसाबाईने तिला फटकारलं.

मुलगी महिन्याची झाली आणि तिला ताप चढला. अंग नुसतं भाजत होतं. गोदाने रडतच तिन्हीसांजेला दिवा लावला, कोनाड्याकडे तोंड केलं, हाक मारली. "इवरा."

सहज तिचा हात वरवंट्याला लागला...

वरवंटा तापला होता.

चुलीपासून तो लांब होता. ऊन तिथे कधी येत नव्हतं. तरी हात ठेववत नव्हता. आणि मागे वळून बघते, तर मुलीच्या कपाळावर घाम, ताप उतरलेला.

हौसाबाई अख्ख्या आवारात सांगत फिरली. "बघा! माझं ऐकलं म्हणून पोर वाचलं."

खोटं कशाला बोलू, पोर वाचलं खरंच. वर्षाचं झालं, दोन वर्षांचं झालं. पण...

मुलगी बोलेना.

बहिरी नव्हती. भांडं पडलं की दचकायची. पण हाक मारली तर वळायची नाही. कशावर वळणार? "ए पोरी" तर आवारातल्या प्रत्येकीला म्हणायचे. ती आपली उंबऱ्यावर बसून राहायची. हसणं नाही, हट्ट नाही.

गोदा तिला मांडीवर घ्यायची, केस विंचरायची, आणि तिच्या जिभेवर नाव येऊन अडायचं. स्वतःच्या पोटची पोर, आणि तिला हाक मारायची चोरी. दगडाला मात्र रोज "इवरा, बाळा" म्हणायचं. गोदा सासूला मनातल्या मनात शिव्या घालायची. नवऱ्याला तर त्याहून जास्त.

तिसऱ्या वर्षी गोदा वरवंट्याची कुंची धुवायला काढायला गेली, तर गाठ सुटेना. बारशाला सैल झालेली कुंची... आता गच्च बसली होती. बंद ताणून ताणून विरले होते.

गोदाने सासूला दाखवलं. हौसाबाईने एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं.

"कपडा आटला असेल," ती म्हणाली.

त्या दिवसापासून ती मात्र त्या कोनाड्यासमोर कधी बसली नाही.

छप्पन साल उजाडलं. पौष महिना. मिठागरांचं काम जोरात.

गोदा विहिरीवरून कळशी घेऊन आली, तर उंबऱ्यावर मुलगी नाही.

आधी घरात बघितलं. मग आवारात. मग तुळसाकडे. कुठेच नाही. सूर्य बुडायला आलेला, आणि भरतीचं पाणी चरातून आत यायला लागलेलं.

"धावा हो! माझी पोर दिसत नाही!"

काळुराम चार गडी घेऊन बांधावर धावला. हातात कंदील. तुळसा खाचरांकडे गेली. आणि एका गड्याने लांबून ओरडून विचारलं,

"अगो, हाक काय मारू मी? नाव काय पोरीचा?"

गोदाने तोंड उघडलं.

चार माणसं वाट बघत होती. नाव सांगितलं असतं तर चार दिशांना चार हाका गेल्या असत्या. तिच्याकडे द्यायला काही नव्हतं हो! जवळजवळ चार वर्षं वाढवलेली पोर, आणि आईच्या तोंडात तिच्यासाठी एक शब्द नाही.

"ए पोरीऽऽ," गडी ओरडले. वाऱ्यावर ते कुठल्या कुठे विरून गेलं.

मग गोदाच्या तोंडून ते निघालंच. रोज तिन्हीसांजेला जीभ त्याच नावावर वळायची. तीच वेळ होती.

हौसाबाई मागून किंचाळली, "नाव घेऊ नकोस!"

"इवराऽऽऽ!"

सगळं शांत झालं. रातकिडे थांबले, वारा थांबला...

आणि उत्तर आलं.

"ओऽऽऽ."

लहान मुलीचा आवाज. स्वच्छ. सगळ्यांनी ऐकला. काळुरामने, गड्यांनी, तुळसाने. मरेपर्यंत ती सगळी शपथेवर सांगत होती.

आवाज घराकडून आला होता.

"घरात हाये गो! घरातच हाये!" तुळसा हसली, रडली. काळुरामने कपाळावर हात मारला, कंदील खाली ठेवला, आणि गडी मागे वळले.

गोदा घराकडे धावत सुटली. तिने आपल्या मुलीचा आवाज आयुष्यात पहिल्यांदा ऐकला होता. इतकी वर्षं मुकी वाटलेली पोर बोलली, नावाला ओ दिली! धावताना ती हसत होती, असं तुळसा सांगायची.

घरात अंधार.

"इवरा? कुठे आहेस गं राणी?"

"ओ."

कोनाड्यातून.

गोदाने हात पुढे केला. कुंची ओली होती, तोंडापाशी. दूध पिताना बाळाची होते तशी.

ती ओरडत बाहेर आली तोवर उशीर झाला होता.

मुलगी चरात सापडली. पाणी फार नव्हतं, पण तिला पुरेसं होतं. काळुरामने बांधावरच्या चिखलात उमटलेल्या पावलांवर कंदील धरला. इवलेसे ठसे घराच्या दिशेने येत होते. एका जागी थांबले होते... हाक आली तेव्हा थांबली असणार. मग ते ठसे परत चराकडे वळले होते.

हाक दुसऱ्या कुणाला मारली असं वाटलं असेल तिला. चुकलं कुठे पोरीचं?

तिला खाडीच्या काठी पुरली. बायका गळा काढून रडत होत्या. गोदा गप्प. तुळसा म्हणाली, रड गो बाय, मोकली हो. तेव्हा गोदा सासूकडे बघून एवढंच बोलली,

"काय म्हणून रडू? रडायला तरी नाव लागतं ना."

हौसाबाई त्याच दिवशी वरवंटा खाडीत टाकायला निघाली. गोदाने तो तिच्या हातातून हिसकावून घेतला, छातीशी धरला.

"हिला हात लावायचा नाही. ही ओ देते मला."

हौसाबाई त्यानंतर वर्षभर जगली. शेवटी शेवटी कानात बोळे घालून झोपायची.

मी झाले अठ्ठावन्न साली. बारसं नाही, पाळणा नाही, आत्या नाही. मला मांडीवर घेऊन आई म्हणाली, ही हेमा. हेम म्हणजे सोनं. अर्थ सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव. आणि ते तिने मला शंभर वेळा हाक मारून शिकवलं, हे कबूल करायला हवं.

पण तिन्हीसांज झाली की ती कोनाड्याकडे जायची. दार लोटून घ्यायची. मी बाहेर उंबऱ्यावर बसायचे.

मी ऐकलंय का? ऐकलंय. आईची हाक, आणि मग ती ओ. त्यानंतर आई हसायची. माझ्याशी बोलताना ती तशी कधीच हसली नाही. दगडाचा हेवा केलाय मी, लोकहो. लहानपणभर केलाय. अजून आठवलं की आतून जळते.

आई गेली तेव्हा मी उशाशी होते. "आई, मी हेमा," म्हटलं. तिने माझ्यावरून नजर नेली ती थेट कोनाड्यावर. हाक मारली, आणि गेली.

तेराव्यानंतर मी तो वरवंटा उचलला. दोन्ही हातांनी उचलला, इतका जड झालेला. खाडीच्या पुलावर गेले आणि खाली टाकला. बुडाला. घरी येऊन आंघोळ केली, आणि हे नाव आयुष्यात कुणापुढे उच्चारलं नाही. नवऱ्यापुढे नाही, मुलापुढे नाही.

हे सगळं आजच का सांगते आहे?

माझ्या सुनेला सातवा लागलाय. परवा संध्याकाळी मी देवापाशी दिवा लावत होते. ती सोफ्यावर पाय वर घेऊन मोबाईलवर नावं बघत होती.

"आई, हे कसं वाटतं बघा. अर्थ दिलेला नाही, कुठल्या भाषेतलं तेही नाही. पण किती गोड आहे! इवरा."

माझ्या हातातली काडी विझली.

मी कान देऊन उभी राहिले. घरात आवाज नाही. कसा येणार? वरवंटा नाहीच आहे आता घरात.

तेवढ्यात सून खळखळून हसली. पोटावर हात ठेवला.

"अगं बाई! आई, लाथ मारली बाळाने! नाव घेतलं आणि मारली. थांबा हं... इवरा!"

परत हसली. "बघा, बघा! ओ देतंय!"

तिने माझा हात धरून स्वतःच्या पोटावर ठेवला.

तिच्या पोटाची ती जागा तापली होती.