राकेलेबाईंचं पिंप

"त्या तळघरात रोज आवाज चढतात, पोरी. एकदा डोकावून ये," दोमेनिका मावशी बंदरावर म्हणाली होती.

ओर्नेल्लानं कडेवरच्या बाळाची टोपी सारखी केली होती. "मायलेकरं भांडतात, मावशी. त्यात पोलीस काय करणार?"

आज ती त्याच तळघरात उभी होती. गणवेशात.

राकेलेबाई उताण्या पडल्या होत्या. छातीवर मोठा, गुळगुळीत दगड. शेजारच्या पिंपात वसंतातली मासळी, मांदेलीएवढी, मिठात मुरत घातलेली. वर लाकडी झाकण, झाकणावर एक लहान दगड.

प्रेत आधी दोमेनिका मावशीनं पाहिलं होतं. "मावशी, कशाला हात लावलास?"

"हात? मी दारातूनच मागे फिरले."

डॉक्टरांनी पाहिलं. जखम डोक्याच्या मागे होती. दगड नंतर ठेवलेला.

गावानं निकाल लावून टाकला. मुलगा. अमेदेओ तोरिनोहून तळघर हॉटेलवाल्यांना विकायला आला होता. संध्याकाळी त्याला तुरुंगात न्यायचं होतं.

"आईशी भांडलास?"

"रोज. काल मात्र ती हो म्हणाली. पिंपातल्या मासळीचा नाताळचा अर्क गाळला की विकू म्हणाली."

"कुणी ऐकलं?"

"नाही."

"पिंपावरचे दगड कोण बदलायचं?"

"आई, नाहीतर निकोलामामा. मला त्यातलं कळत नाही. लहानपणी एकदा दगड न ठेवता झाकण मोकळं टाकलं, तर मामानं कानफटात दिली."

तो हे सगळं एकाच सुरात बोलला. रडला नाही.

निकोला, राकेलेबाईंचा भाऊ, धक्क्यावर जाळं शिवत होता.

"काल तळघरात गेला होतात?"

"परवा. काल इथंच होतो. पोराला शहर लागलंय, बाईसाहेब. मिठाचा वास सोसत नाही त्याला."

"मासळी मुरली की दगड बदलतात ना?"

"मोठा उतरवायचा, हलका ठेवायचा. बदलीवर येऊन बरंच शिकलात."

"आणि झाकण दगडाविना मोकळं राहिलं तर?"

"वारा लागतो. मासळी काळी पडते. तसं ठेववत नाही."

ओर्नेल्ला त्याच्याशेजारी बसली.

"मारणाऱ्याला अपघात दाखवायचा होता. मोठा दगड उतरवताना तो बाईंच्या अंगावर आला, असा. मग झाकण मोकळं हवं होतं. हलका दगड ठेवायला बाई उठल्या नव्हत्या. मावशी आत गेली नाही. अमेदेओनं झाकण तसंच टाकलं असतं. मेलेल्या बाईशेजारी उभं राहूनही ज्याला झाकण मोकळं ठेववलं नाही, असा त्या तळघरात दुसरा एकच माणूस वावरतो."

निकोलाची सुई थांबली.

"राकेले म्हणाली, नाताळनंतर पिंपं फोड आणि जळणाला ने. लढाईत बॉम्ब पडत होते तेव्हा बापानं आम्हा दोघांना त्याच पिंपांमागे लपवलं होतं. मी ढकललं. पायरीवर आपटली." त्यानं जाळं खाली ठेवलं. "लहान दगड ठेवायचा नव्हता मला. हात आपोआप गेला."

अमेदेओ सुटला. गावानं मात्र निकाल बदलला नाही. मामा आत गेला तोही ह्याच्यामुळेच, म्हणे. नाताळच्या आदल्या संध्याकाळी घराघरांत स्पॅगेटीवर तो अर्क पडतो. आईच्या घरातच राहिलेल्या अमेदेओकडे कुणी बाटली पाठवली नाही. ओर्नेल्ला जाऊन आली, तेव्हा चूल थंड होती आणि तो कोट घालून खुर्चीत बसला होता.

तिची आता बदली झाली आहे. तुम्ही त्या किनाऱ्यावर गेलात, तर चर्चमागच्या पायऱ्या चढून अमेदेओचं निळं दार वाजवा. तो लवकर उघडत नाही. उघडेपर्यंत हलू नका.