जानेवारी सोळाशे एकसष्ट

टेग्वेनबाई मंगळवारी सकाळी वेल्समधल्या लानगारनच्या चर्चपाशी पोचल्या, तेव्हा दार आधीच उघडं होतं. आता ही काही घाबरण्याजोगी गोष्ट नव्हे. पण त्या दाराची किल्ली एकोणीस वर्षं त्यांच्या पर्समध्ये होती, आणि परवाच इतिहास मंडळाच्या अध्यक्षांनी, म्हणजे इडवलनं, दुसरी करवून घेऊन डेलिथला दिली होती. "बाई, तुम्हाला उगाच हेलपाटा नको," असं वर म्हणाला होता. गुरांचा डॉक्टर म्हणून जन्म काढलेला माणूस. सुई टोचायच्या आधी गाईला थोपटत असेल, तसंच त्यानं बाईंना थोपटलं होतं.

बाई म्हणजे शाळेतल्या बाई. अर्धं गाव त्यांच्या हाताखालून शिकलेलं, त्यामुळे सगळे त्यांना बाईच म्हणत. निवृत्त झाल्यावर त्यांनी केलिनोगच्या प्यू घराण्याचा माग काढायला घेतला. साडेतीनशे वर्षांपूर्वी ही सगळी दरी प्यूंची होती. आज त्यांच्या वाड्याची एक चिमणी तेवढी उभी आहे आणि तिच्यात कावळे राहतात. पण बाईंना त्या घरातलं कोण कधी जन्मलं, कोण कुणाशी बोलत नव्हतं, कुणी मरताना कुणाला गादी दिली आणि कुणाला फक्त पितळेचं पातेलं, सगळं तोंडपाठ होतं. चार जाडजूड फायली भरल्या होत्या. त्यात एकच जागा कोरी होती. घराण्याचा वारस इथेल प्यू, त्याची आई कोण?

बाप्तिस्म्याच्या नोंदीत तेव्हा आईचं नाव लिहीतच नसत. "इथेल, केलिनोगच्या रीस प्यूचा मुलगा, ३ नोव्हेंबर १६६१." बस. रीसची विधवा शॉनेड सगळ्यांना ठाऊक होती, तिची कबर बाहेर पडवीच्या भिंतीला लागून होती. पण तिचं लग्न कधी झालं ते पान उंदरांनी खाल्लेलं. मग बाईंनी त्या जागी शॉनेडचं नाव लिहिलं नाही. पुरावा नाही तर नाव नाही, हा त्यांचा बाणा.

आणि आता ही डेलिथ. कार्डिफहून सून म्हणून आलेली, चौतीस वर्षांची. मंडळात येऊन वर्षही न झालेलं. खळखळून हसणारी, सगळ्यांसाठी मनुका घातलेला चहाचा पाव भाजून आणणारी. बाईंनी तो पाव आजवर एकदाही तोंडाला लावला नव्हता.

"बाई! या, या. मी शेगडी पेटवून ठेवलीय." चर्चमागच्या लहान खोलीतून तिचा आवाज आला. "बसा आधी. काय सापडलंय, ऐकाल तर उडालच."

टेबलावर जुनी चर्चवही उशीवर उघडून ठेवली होती आणि शेजारी काही छापील फोटो. डेलिथनं त्यातला एक पुढे सरकवला. "रीस प्यूचं मृत्युपत्र."

बाई फोटोवर वाकल्या. "कुठं मिळालं?"

"हेरफर्डला, इंग्लंडात. माणूस प्रवासात सीमेपलीकडे वारला होता ना, मग कागद तिकडच्याच बिशपकडे गेले. मी आपलं सहज विचारून बघितलं."

सहज! बाईंनी एकोणीस वर्षं वेल्समधली एकूण एक पेटी उपसली होती. सीमेपलीकडे बघायचं मात्र त्यांना सुचलं नव्हतं. त्यांना डेलिथचा राग आला, खरं सांगायचं तर नुसता राग नाही. तिच्या हातातला तो कागद हिसकून शेगडीत टाकावा असं वाटलं. त्यांनी चष्मा पुसला.

"वाच," त्या म्हणाल्या.

डेलिथ वाचू लागली. "माझा देह लानगारनच्या चर्चमध्ये, माझी पहिली बायको लाउरी, इथेलची लेक, हिच्या शेजारी ठेवावा. माझी आत्ताची बायको शॉनेड हिनं त्यावरून भांडू नये... बाई, भांडू नये! मरतानाही धास्ती बघा बिचाऱ्याला."

लाउरी, इथेलची लेक. बाईंना चर्चवहीतली ती ओळ न बघताच दिसली. दफनाच्या यादीत होती ती, खालून चौथी. तेव्हा बायका मरेपर्यंत बापाच्याच नावानं ओळखल्या जात, म्हणून त्या ओळीत प्यू हा शब्दच नव्हता. बाईंची नजर शंभर वेळा तिच्यावरून गेली होती, आणि प्रत्येक वेळी कुणी परकी बाई म्हणून पुढे सरकली होती.

"आणि ही बघा लाउरी," डेलिथनं पान उलटलं. "दफन, १२ जानेवारी १६६१. झालं की! लाउरी जानेवारीत गेली, इथेल नोव्हेंबरात जन्मला. म्हणजे त्याची आई लाउरी नव्हेच. शॉनेड! बाई, तुमची कोरी जागा भरली."



बाईंच्या जिभेवर उत्तर आलं होतं. त्या काळी तिथं वर्ष जानेवारीत बदलत नसे. आपल्याकडे पाडव्याला बदलतं तसं तिथं मार्चच्या पंचवीस तारखेला बदलायचं. म्हणजे जानेवारी १६६१ हा नोव्हेंबर १६६१च्या आधी नाही, नंतर येतो. लाउरी मुलाच्या जन्मानंतर दहा आठवड्यांनी गेली. मुलगा लाउरीचाच. आणि त्याचं नावसुद्धा तिच्या बापाचं, इथेल! दरवर्षी सप्टेंबरात नव्या सभासदांना बाई पहिला धडा हाच देत. डेलिथ ऑक्टोबरात आली होती.

"शनिवारी माझं व्याख्यान आहे ना इथं," डेलिथ म्हणाली, "तर हेच सांगणार. चूकबीक तर नाही ना काही? तुम्ही एकदा हो म्हणालात की मी निर्धास्त."

शनिवारी. साठ माणसं. इडवल पहिल्या रांगेत. ही तिथं उभी राहून एवढी ढोबळ चूक करील, आणि मग आपण सावकाश उठायचं. बाईंना ते चित्र इतकं गोड वाटलं की त्यांची त्यांनाच लाज वाटली. पण तोंडातून आलं ते असं: "मला तर बरोबर वाटतंय."

तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. हलकेच दाबला. आपल्या बाजूनं बोललेल्या माणसाचा खांदा दाबतात, तसा.

डेलिथनं मान वर केली. "नमस्कार," ती बाईंच्या मागे बघत हसून म्हणाली. मग तिचं हसू अर्धवट राहिलं. "अं... कुठं गेल्या त्या?"

"कोण?"

"तुमच्या मागे होत्या ना... काळी शाल घेतलेल्या. मला वाटलं झाडलोट करायला येतात त्या."

"ती गुरुवारी येते," बाई म्हणाल्या. खोलीत चरबीच्या मेणबत्तीचा वास सुटला होता. मेणबत्ती मात्र कुठंच नव्हती.

निघताना डेलिथ वेदीपाशी थांबली. फरशीत दोन दगड शेजारी शेजारी होते, एकावर रीसचं नाव, दुसरा कोरा. पायाखाली झिजला, असं सगळे सांगत. डेलिथनं खाली बसून त्यावरून बोट फिरवलं. "बाई, लाउरीचाच ना हा? झिजलेला नाही. कुणीतरी खरवडलाय. केवढा तो मत्सर!"

बाईंनी दगडाकडे बघितलं नाही.

दोन दिवस त्यांना अन्न गेलं नाही. खांद्यावरचा तो हात आठवायचा, आणि त्याहून जास्त त्यातलं ते समाधान. आपण कुणाच्या बाजूनं बोललो? गुरुवारी दुपारी त्यांनी ठरवलं, पुरे झालं. पोरीला खरं सांगून टाकायचं. मान जाईल तर जाईल. स्वयंपाकघरात उभं राहून त्यांनी फोन लावला.

"डेलिथ, ऐक, त्या जानेवारीच्या नोंदीबद्दल..."

त्यांच्या ओठांवर चार बोटं टेकली. थंडगार, ओलसर. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं, समोर भिंतीवर त्यांची एकटीची सावली होती, आणि ओठांवर बोटं होती. चरबीचा तोच वास.

"हं, बाई? काय म्हणत होतात?"

बाईंनी मान झटकली. बोटं सुटली. "नोंदीबद्दल..." पुन्हा टेकली, या वेळी दाबून. दात ओठात रुतले.

"बाई?"

"काही नाही," बाईंच्या तोंडून निघालं. "शनिवारी थंडी पडेल. लोकरीचं घालून ये." हे बोलायला मात्र कुणी अडवलं नाही.

मग त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली. 'लाउरी' एवढंच लिहायचा अवकाश, पेनाची निब कागदावर घसरली आणि ते नाव फाटेपर्यंत खरवडत राहिली. हात त्यांचाच होता. त्यांनी पेन दूर फेकलं आणि खुर्चीत बसून त्या लहान मुलासारख्या रडल्या. डेलिथसाठी नाही की लाउरीसाठी नाही, भीतीनं.

शनिवारी दुपारी तीनला चर्च भरलं होतं. इडवलनं बाईंना पहिल्या रांगेत बसवलं. "तुमचं पोर आज परीक्षेला बसलंय, बाई," तो कानाशी म्हणाला, "गुण देताना हात आखडू नका!"

बाईंनी मनाशी हिशेब केला होता. मी न का बोलेना, इथं चाळीस तरी माणसं हा नियम जाणतात. कुणीतरी बोलेल. इडवलच बोलेल.

डेलिथ छान बोलली. मृत्युपत्र वाचलं, लोक हसले. मग पडद्यावर चर्चवहीची दोन पानं आली. "जानेवारी १६६१," ती म्हणाली, "आणि हा नोव्हेंबर. तेव्हा इथेलची आई लाउरी असूच शकत नाही."

बाईंनी मागे वळून बघितलं. साठ तोंडं मिटलेली होती. बीवन पोस्टमनची बायको, तिला स्वतः बाईंनी हा नियम शिकवला होता. तिचे ओठ पांढरे पडले होते, दाबून धरल्यासारखे. इडवलचे डोळे विस्फारलेले आणि गाल आत ओढलेले.

"काही शंका?" डेलिथनं विचारलं. ती फक्त बाईंकडे बघत होती. तिचा चेहरा इतका मोकळा, इतका विश्वासानं भरलेला होता की बाईंना पहिल्यांदाच तिच्याबद्दल मनापासून वाईट वाटलं. आपण हिचं काय केलं हे!

त्या उठल्या. या वेळी ओठांवर बोटं आली नाहीत. त्यांनी श्वास घेतला, लाउरीचं नाव घशाशी आणलं, तोंड उघडलं...

"पोरीचं बरोबर आहे," त्यांचं तोंड म्हणालं. आवाज त्यांचा होता, पण बोली जुनी, हेल दरीच्या वरच्या अंगाचा. "मुलगा माझा आहे. माझाच होता. तिचा कधीच नव्हता."

मग इडवलच्या तोंडातून कोंडलेला श्वास सुटला आणि तो हसायला लागला. मग सगळेच हसले. "माझा म्हणे! एकोणीस वर्षं सांभाळलाय त्यांनी, म्हणणारच!" टाळ्या पडल्या. लोक उठून चहाकडे वळले. त्या जानेवारीबद्दल कुणी एक अक्षर काढलं नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढेही नाही. सगळ्यांच्या फायलींत आता आईच्या रकान्यात शॉनेड लिहिलं आहे. बाईंच्याही, त्यांच्याच अक्षरात.

डेलिथ हसत नव्हती. ती पडदा गुंडाळायचा सोडून वेदीपाशी उभी होती, त्या कोऱ्या दगडावर. तिनं बाईंची बाही धरली.

"बाई... खाली कुणी आहे का हो?"

बाईंनी कान दिला. कपबशांच्या खणखणाटाखाली, लोकांच्या गप्पांखाली, फरशीच्याही खाली एक बाई रडत होती. मोठ्यानं नाही. मूल मांडीवरून कुणी उचलून नेल्यावर, आता ते परत येणार नाही हे कळलेली बाई रडते तसं.

"एकच नाव घेतायत त्या," डेलिथ कुजबुजली. "इथेल... इथेल... बाई, सांगा ना. माझं काही चुकलं का?"

हो पोरी, चुकलं. एवढे तीन शब्द. बाईंनी सगळा जीव त्या तीन शब्दांत गोळा केला.

त्यांचा हात आपोआप वर गेला आणि डेलिथच्या गालावरून मायेनं फिरला.

"वारा आहे गं," त्यांचं तोंड म्हणालं. "थोडे दिवस येतो असा आवाज. मग दमते ती."