आडव्या पिनांची केबल

उकंडरावांच्या थोरल्या लेकीचं, निताचं, लग्न झालं ते २०२३ साल. मांडव निघाला आणि त्याच आठवड्यात त्यांचं दुखणं कळलं. डॉक्टर म्हणाले, दिवाळीपर्यंत धरून चला. धाकटी धम्मदीपा पुण्याचं काम सोडून गावी, किन्हीराजाला आली, ती आपला कॉम्प्युटर घेऊनच.

उकंडराव जन्मभर पाट्या रंगवत आले. तालुक्याच्या मालेगावच्या बाजारातली निम्मी दुकानं त्यांच्या अक्षरांनी ओळखली जायची. मग फ्लेक्स आले, आणि पाट्या उतरल्या. जुन्या फोटोंवरून धम्मदीपा तोच बाजार पडद्यावर उभा करत होती. बाबांना त्यातून एकदा चालत न्यायचं, एवढंच तिच्या मनात होतं. पण सामान आणताना कॉम्प्युटरची केबल कुठंतरी राहिली. त्याचा पॉवर सप्लाय सोळाशे वॅटचा. साधी केबल त्याला बसेना.

मालेगावात ती कॉम्प्युटरचा डबा घेऊन उत्कर्षच्या विजेच्या सामानाच्या दुकानात शिरली. त्यानं डबा उलटा करून पाहिला आणि हसला.

"मॅडम, ह्या पिना तं आडव्या झोपल्या हायेत. आपल्या केबलीची भोकं उभी."

"मंग झोपलेल्याले बसंल अशी द्या."

"परवा या ना... पाहतो."

सांगितल्या दिवशी ती आली. त्यानं बरोबर बसणारं तोंड मिळवून एका वायरीला जोडलं होतं. मशीन सुरू झालं. धम्मदीपा मात्र वायरीवर बोटं ठेवून उभी राहिली.

"तापून राह्यली हे. वायर बारीक हाये."

"हो..."

"तुमाले माहीत होतं?"

"होतं."

"मंग काहून जोडली?"

त्यानं मान खाली घातली. "तुमाले रिकाम्या हातानं धाडवलं नाही."

"माझ्या घरी अंथरुणावरचं माणूस हाये. आग लागली असती तं?"

उत्कर्षनं पक्कड घेतली, आणि तिच्यादेखत वायरीचे दोन तुकडे केले.

त्यानंतर चौथ्या दिवशी त्याची मोटरसायकल किन्हीराजात आली. अंगावर रस्त्याची सारी धूळ. हातात जाड, काळी केबल. कामरगावच्या मेहबूबभाईंच्या भंगारात बँकेचा जुना यूपीएस निघाला होता, त्याची.

"कामरगावले गेले? एवढ्या लांब?"

"इकडं तिकडं सारं पालथं घातलं. तिथं भेटली." तो थांबला. "एक मन म्हने, नाही भेटली तं बरं. भेटली का तुमी दुकानात कायले याल..."

धम्मदीपानं केबल हातात घेतली. तिचं टोक मात्र त्याच्याच हातात राहिलं — आणि तिनंही ते ओढलं नाही.

पण भिंतीला लावायचा प्लग मोठा, आणि घरातले सगळे पॉइंट लहान. "पिन बदलून द्या," ती म्हणाली.

"नाही. आता जुगाड नाही."

गावात मोठा पॉइंट होता तो बुद्धविहारात, पाण्याच्या मोटारीचा; मशीन तिकडंच नेलं. पावसाळ्यातल्या वर्षावासाचं ग्रंथवाचन आटोपलं आणि माणसं तशीच बसून राहिली. उकंडरावांना खुर्चीसकट आणलं. प्रोजेक्टर लावला, आणि पांढऱ्या भिंतीवर बाजार उजळला... शिंप्याची पाटी, सायकलवाल्याची, आणि पुढं निळ्यावर पिवळं — 'माणिकराव इलेक्ट्रिकल्स'.

उत्कर्ष उठून उभाच राहिला. त्याच्या वडिलांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. पाटी उतरवली होती त्यानंच.

उकंडरावांनी ओळखलं. "माणिकरावचा पोरगा का तू?"

"हो, बाबा."

"तुह्या बापानं निळा रंग दोनदा पुसाले लावला होता मले." ते हसले, मग दमले. "आता जाताना वायर घेऊन जाशीन का ठेवून?"

"वायर तिचीच हाये, बाबा."

"अन् तू?"

उत्कर्षनं धम्मदीपाकडं पाहिलं. तिची मान खाली होती, पण ओठांवरचं हसू काही लपलं नाही.

"मी पन," तो म्हणाला.

"दीपे, याच्या दुकानाची पाटी तू रंगव. निळी."

ती पाटी वाळत घातली होती, तेव्हा उकंडराव वारले. ती २०२३ च्या नोव्हेंबरची सव्वीस तारीख, सकाळची वेळ होती.