जनकाबाईची वाटी

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडा. पण हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय, डोणगावात, गेल्या वैशाखात. कोकिळामावशी खोटं बोलत नाही.

एकदाच बोलली. ते पुढे येईलच.

तिच्या शेजारी जनकाबाई राहायची. म्हातारी, एकटी. मधे कमरेएवढी मातीची भिंत. भिंतीवर वाटी वाजली, टक टक, की समजायचं भाजी आली. वाटी रिकामी कधी परत जायची नाही. काहीच नसलं तर चिमूटभर साखर. दोन्ही घरांत दिवसभर हसणं चालायचं.

मग गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला, स्लॅबची घरं उठली. मावशीलाही चेव आला.

"सारे भिंती बांधून राह्यले, आपणच काऊन उघड्यावर राहाचं?"

पुरुषभर उंच भिंत झाली. घर चकाचक, पण बोलायला माणूस नाही. दिवसभर टीव्ही. जनकाबाईची एक वाटी तेवढी मावशीकडेच राहिली.

एका रणरणत्या दुपारी भिंतीपलीकडून...

टक टक.

"आली बुढी भाजी मांगाले," म्हणत मावशीनं टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी जनकाबाई भिंतीशी मरून पडलेली सापडली. तापानं गेली. हातात वाटी. घरातला माठ कोरडा ठणठणीत.

"तुले काही आयकू नाही आलं का वं?" बायकांनी विचारलं.

"नाही बा," मावशी म्हणाली.

तेरावं झालं, शेजारच्या घराला कुलूप लागलं. आणि त्याच दुपारी...

टक टक.

मावशीच्या अंगावर सर्रकन काटा आला. मग रोज तेच. शेवटी तिनं ती राहिलेली वाटी काढली, पातोडीची भाजी भरली आणि स्टुलावर चढून भिंतीवर ठेवली.

सकाळी भाजी जशीच्या तशी. मुंगीसुद्धा लागली नव्हती.

दुपारी पुन्हा... टक टक.

म्हातारीला काय पाहिजे, हे मावशीला कळत होतं हो! पण पाणी ठेवायचं म्हणजे आपण ऐकलं होतं हे कबूल करायचं. लाजेनं तिचा हात माठाकडे जाईना.

एका संध्याकाळी ठेवलं. रडत रडत.

सकाळी वाटी कोरडी होती. पाखरं प्यायली असतील, म्हणाल तुम्ही. मीही म्हणालो.

पण वाटीत...

चिमूटभर साखर होती.

टक टक बंद झालं, ते कायमचं.

"शिव्या देल्या असत्या तं बरं झालं असतं रे," मावशी मला म्हणाली. गल्लीत तिनं अजून कोणाला सांगितलेलं नाही.

परवा गेलो होतो. भर दुपारी टीव्ही बंद. मावशी भिंतीला कान लावून बसली होती.